जोरवाल्या बाईंची फुकणी

पलूसजवळच्या ज्या गावात माझ्या नोकरीची सहा वर्षं गेली, तिथं मला माझ्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. मी 'जोरवाल्या बाई' होते. एसटीतून उतरलेल्या माणसानं सरकारी उपकेंद्र कुठं म्हणून विचारलं, तर पारावरची माणसं सांगत, "जोरवाल्या बाईंकडं जायाचंय व्हय? त्या पिठाच्या गिरणीमागं बगा." मला या नावाचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

काम म्हणाल तर बाळंतपणं करणं, पोरांना लसी टोचणं, विहिरीत पावडर टाकणं आणि कुटुंबनियोजनावर बोलून लोकांचं चहापाणी फुकट पिणं. त्यातलं बाळंतपण हेच मला खरं काम वाटे. आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. वर्गात बाळंतपणाचा विषय निघाला की या मुली वहीत भराभरा लिहू लागतात. मी त्यांना पेन खाली ठेवायला सांगते आणि मला ते नाव कसं पडलं ते सांगते.

आमचं शिक्षण साताऱ्याला झालं. तिथं शिकवलेलं मी मनापासून पाठ केलं होतं. कळ आली की बाईनं दम धरायचा, हनुवटी छातीला लावायची आणि खाली जोर करायचा. नर्सनं तिला सतत हुरूप देत राहायचं. माझा आवाज मुळातच खणखणीत. हुरूप देण्यात मी वर्गात पहिली होते.

पहिली नेमणूक कोयनानगरला झाली. तिथं धरणीकंपाचे लहानमोठे धक्के अधूनमधून बसत. मांडणीवरची भांडी वाजली की माणसं बाहेर पळत, वाजायची थांबली की आत येऊन राहिलेला चहा गाळत. एकदा वसाहतीतल्या एका मजुराची बायको अडली होती. पहिलटकरीण. बाळाचं डोकं नुकतं दिसायला लागलं आणि जमीन हलली. खोलीत तिची आई, जाऊ, शेजारीण, सगळ्या होत्या. बघता बघता सगळ्या बाहेर. आत राहिलो तिघं : ती, मी आणि निम्मं बाहेर आलेलं तिचं बाळ.

"बाई, तुमी बी जावा," ती म्हणाली.

"कुठं जाऊ? हात अडकलेत माझे," मी म्हटलं.

ती भीतीनं जोर करायचंच विसरली. नुसती "बाबोऽ, बाबोऽ" करत तोंडानं वारा सोडत राहिली. माझीही दातखीळ बसली होती, त्यामुळं हुरूप देणं बंद. आणि डोकं आपलं आपण, सावकाश, घरातून पाहुणा निघावा तसं बाहेर आलं. नंतर तपासलं तर बाईला एक ओरखडा नाही. पहिलटकरणीला ओरखडाही नाही, हे नवल होतं. मी ते धरणीकंपाच्या खात्यावर टाकलं आणि विसरून गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बाळाची वाट आणि शौचाची जागा यांच्या मध्ये तीन-चार बोटांचा भाग असतो. पुस्तकात त्याला पेरिनियम म्हणतात. गावात त्याला नावच नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणी कुणाकडं करत नाही. बाळाचं डोकं बाहेर पडताना हा भाग ताणून कागदासारखा पातळ होतो. मोटेचं चामडं भिजवून हळूहळू ताणलं तर वाकतं, हिसका दिला तर चिरतं; तसंच हे. नुसती कातडी खरचटली तर आपोआप भरून येते. आतला स्नायू फाटला तर टाके घालावे लागतात. चीर त्याच्याही पुढं गेली, तर शौच आणि वारा धरून ठेवणारा गोल स्नायू तुटतो. तो नीट जुळला नाही तर त्या बाईचं पुढलं आयुष्य लाजेत जातं. आणि ही लाज ती कुणाला सांगत नाही.

मोठ्या दवाखान्यांत त्या काळी पहिलटकरणीला आधीच कात्रीनं छेद द्यायचा रिवाज होता. वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, असं त्यामागचं म्हणणं. बाळ गुदमरत असेल तर कात्री लावावीच लागते, त्याला इलाज नाही. माझ्याकडं उपकेंद्रात कात्री होती ती नाळेपुरती. माझं हत्यार म्हणजे आवाज.

पलूसच्या बाजूला बदली झाली आणि आवाजाला खरं मैदान मिळालं. तिकडं घरी बाळंतपण म्हणजे खोलीत सहा-सात बायका, आणि प्रत्येकीला ओरडायचा हक्क. मी त्यांची पुढारी झाले. "कर! कर! जोर कर! अजून! सोडू नको! जोऽर!" माझा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या वर जाई.

हा कुस्तीचा मुलूख. इथं 'जोर' म्हणजे तालमीतले जोर-बैठकांमधले जोर. एका पैलवानाच्या बायकोच्या वेळी मी आत "मार जोर! मार जोर!" म्हणून ओरडत होते. मूल झाल्यावर हात धुवायला बाहेर आले, तर पैलवान अंगणात घामानं निथळत पालथा पडलेला. मी घाबरले. त्याची आई म्हणाली, "कायबी झाल्यालं न्हाई त्येला. तुमी म्हनला तेवढं जोर मारलं बिचाऱ्यानं." तिथून माझं नाव 'जोरवाल्या बाई' पडलं.

माझ्या हातची बाळंतपणं झटपट होत. "बाई आल्या की घटकाभरात सुटका," असं बायका बोलत. मला ते सोन्याच्या पदकासारखं वाटे. खालची जागा थोडीफार फाटे, मी ती धुऊन, जरूर पडली तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून टाके घालून घेई. बायका म्हणत, "चालायचंच." मीही म्हणे, चालायचंच.

मग शालनचं बाळंतपण आलं.

शालन गावातल्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याची सून. नवरा फौजेत. वीस-एकवीसची, उंच, हसरी. नदीवर धुणं धुताना ती हसली की पलीकडच्या काठाला ऐकू जाई. सासू बायजाबाई तिच्याहून वरचढ. बायजाबाईंनी बांधावर उभं राहून हाक मारली की तीन शेतं पलीकडला गडी येई. दोघींचं भांडण नसे. पण साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येई.

भर दुपारी शालन बाळंत झाली. पहिल्यापासून सगळं सुरळीत. डोकं दिसायला लागलं आणि मी आवाज लावला. बायजाबाईंनी माझ्या आवाजावर आवाज चढवला. दोघी मिळून आम्ही अशी काही चढाओढ लावली की भिंतीवरची पाल पळाली. शालन गुणी पोर; दोघींनी सांगितलं म्हणून तिनं जीव खाऊन जोर केला. एका कळेत डोकं, खांदे, अख्खं बाळ सपकन माझ्या हातात. मुलगा. बायजाबाईंनी जी आरोळी ठोकली ती अर्ध्या गावानं ऐकली.

मी खाली बघितलं. चीर मागपर्यंत गेली होती.

आरोग्य केंद्राची जीप आणवली. सांगलीपर्यंत शालन कुशीवर पडून होती आणि तिच्या शेजारी मी, कापडाचा बोळा दाबून धरून. रस्त्याला खड्डे होते. ती एकदाही ओरडली नाही. दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तासभर खपून एकेक थर शिवला. मग हात पुसत मला विचारलं, "डोकं किती वेळात आलं?"

"एका कळेत, मॅडम."

"असं. घाई कुणाला होती?"

एवढंच विचारलं आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. मला घाई नव्हती. शालनला नव्हती. बाळाचे ठोके चांगले होते, त्यालाही नव्हती. या प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतर किती तरी दिवस शोधत होते, आणि दर वेळी ते माझ्याच गळ्यापाशी येऊन थांबत होतं.

आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. शालन बाजेवर, बायजाबाई खाली मेथी निवडत. मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी ओरडायला नको होतं. डोकं सावकाश येऊ द्यायला हवं होतं."

त्या दिवसांत नर्स चूक कबूल करत नसे आणि कुणी तशी अपेक्षाही करत नसे. बायजाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुमी एकट्या कुटं वरडला, बाई? मी बी वरडलेच की."

पुढं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मला बोल लावला नाही. तो लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

टाके भरून आले, पण शालनचं हसणं गेलं. हसलं, शिंकलं की वारा धरवत नसे. ती हळदीकुंकवाला जाईना, धुण्याला एकटी जाऊ लागली, बायकांच्या घोळक्यात मागं उभी राही. मी तिला व्यायाम शिकवला : लोकांत वारा अडवून धरतो तसं आतून आवळायचं, दहा अंक मोजायचे, सोडायचं. कुठंही करता येतो, कुणाला कळत नाही. "मातुर तोंड साधं ठिवायचं," शालन म्हणाली, "न्हाईतर लोक म्हंतील हिला कशाचा राग आलाय." ती तेवढं बोलली तेव्हा मला धीर आला. वर्ष-दीड वर्ष तिनं तो व्यायाम पाणी भरताना, दळणाच्या रांगेत, भाकरी थापताना केला आणि बराचसा ताबा परत मिळवला. नदीवर तिचं हसणं पुन्हा ऐकू यायला लागलं, आधीपेक्षा थोडं हळू.

याच सुमारास सरकारनं गावोगावच्या सुइणींना शिकवायचं ठरवलं. आमच्या गावची सुईण गंगूआत्ती. सत्तरीच्या पुढची, वाकलेली, तंबाखूनं दात काळे. मी आल्यापासून तिचा धंदा बसला होता आणि मी तिला रस्त्यात भेटले तर मान हलवण्यापलीकडं बोलत नव्हते. आता ती माझी विद्यार्थिनी झाली. मी तिला नखं कापायला, ब्लेड उकळायला, हात साबणानं घासायला शिकवलं. तिनं सगळं निमूट ऐकलं. मग मी तिला बाहुली आणि कापडी पिशवी घेऊन बाळंतपण दाखवायला लागले.

शालनपासून मी सुधारले होते, असं माझं म्हणणं. पुस्तक पुन्हा काढून वाचलं, तर त्यात लिहिलेलंच होतं : डोकं बाहेर पडताना जोर थांबवून बाईला धापा टाकायला सांगावं. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता ते वापरायला लागले होते, पण जमत नव्हतं. ऐन कळेत "धापा टाका" म्हटलं तर कुणाला समजत नसे. "जोर करू नका" म्हटलं तर कळवळणाऱ्या बाईला त्यातला फक्त 'जोर' ऐकू येई. एका दुकानदाराच्या सुनेला मी नीट समजावं म्हणून सांगितलं, "कुत्रं कसं जीभ काढून हाऽ हाऽ करतं, तसं कर." तिची सासू उठून उभीच राहिली. "बाई, आमची सून गरीबाघरची आसंल, पर कुत्रं न्हवं!" मूल होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बारशाचं बोलावणंही आलं नाही.

हे मी गंगूआत्तीला सांगितलं. ती तंबाखू थुंकायला बाहेर गेली ती हसत हसत परत आली.

"आवं बाई, कुत्रं कशाला पायजे? चूल हाय की घरात."

"चूल कशाला?"

"बाई मान्साला जल्मापास्नं एकच गोस्ट येती, ती म्हंजी फुकाया. डोस्कं दिसाया लागलं की मी तिच्या हातात फुकणी देती. म्हन्ती, चूल इजाया लागलीया, फुक. फुकताना जोर लागतोय का? करून बगा तुमी."

मी करून बघितलं. तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या. तोंडानं फू फू करत राहिलं तर पोटातून खाली जोर देताच येत नाही. जोर द्यायला आधी दम कोंडावा लागतो, आणि फुंकताना दम कोंडता येत नाही. इतकं साधं. मला कोयनानगरची ती "बाबोऽ, बाबोऽ" करणारी बाई आठवली.

"आत्ती, हे मला आधी का नाही सांगितलं?" माझ्या तोंडी गंगूबाईची आत्ती झाली ती त्या मिनिटाला.

"तुमी इचारलं कवा?"

मग त्या दिवशी मी विचारतच सुटले.

आत्तीकडून आणखी दोन गोष्टी घेतल्या. डोकं यायच्या वेळी बाईला उताणी न ठेवता डाव्या कुशीवर घ्यायचं, आणि ऊन पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या जागेवर धरायचं. माझा हात पुस्तकातला : एका हातानं डोक्याला हलकासा अटकाव, दुसऱ्यानं खालून आधार. आणि एक नियम मी स्वतः केला. डोकं दिसलं की खोलीत एकच जण बोलेल. बाकीच्यांना बोलायचंच असेल तर बाहेर जाऊन पाणी तापवायचं. त्या काळात गावात बाळंतपणाला जेवढं पाणी तापलं, तेवढ्यात लग्नाची पंगत आंघोळ करून आली असती.

लागलीच सगळं गोड झालं असं नाही. एक बाई फुकणी हातात आल्यावर ती माझ्याच डोक्यात घालायला निघाली. दोघी-तिघींना फुंकूनही फाटलंच. बाळ मोठं असलं, हात वर करून आलं, तर फाटतं. पण पूर्वीपेक्षा टाक्यांसाठी डॉक्टरांना बोलावणं कमी झालं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच नेमून आलेले. ते एकदा म्हणाले, "सिस्टर, हल्ली तुमच्या गावचं काम निघत नाही." मी म्हटलं, "चूल पेटलीय, साहेब." त्यांना कळलं नाही. बायका मात्र नववा लागला की आपापली फुकणी घासून ठेवू लागल्या.

पहिल्या मुलानंतर तिसऱ्या वर्षी शालनला पुन्हा दिवस गेले.

मी तिला घेऊन सांगलीला त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी तपासलं. म्हणाल्या, स्नायू जुळलाय, पण पुन्हा तिथंच फाटला तर दुसऱ्यांदा असा जुळेल याची खात्री नाही. बाळंतपण इथं दवाखान्यात केलं तर बरं. परतताना एसटीत शालन खिडकीशी बसली. किर्लोस्करवाडीचा फाटा मागं पडला. मग एकदम म्हणाली,

"बाई, मी दवाखान्यात जायाची न्हाई. तुमीच करा."

"वेडी आहेस का? एकदा माझ्या हातानं काय झालं ते विसरलीस?"

"इसरलं न्हाई, म्हनून तर. तितली मान्सं मला वळकत न्हाईत. तुमाला माजं भ्या वाटतंय न्हवं?"

"वाटतं."

"मग झालं. भ्यालेलं मानूस सांबाळून काम करतंय."

मी डॉक्टरसाहेबांशी बोलले. त्यांनी दोन दिवस विचार केला, सांगलीला जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोलून आले आणि म्हणाले, चालेल. पण त्या दिवशी जीप शालनच्या दारात उभी राहील आणि मी टाक्याचं सामान घेऊन अंगणात बसेन. जरा काही वाटलं तर मी आत येणार. मला आणखी काय हवं होतं?

ऊसतोडीचे दिवस. सकाळी नऊच्या सुमाराला निरोप आला. मी पोचले तोवर डॉक्टर जीपसकट हजर. त्यांनी अंगणात चटईवर पांढरं फडकं अंथरून सुया, धागे, चिमटे ओळीनं मांडले होते, आणि गावची माणसं ते दिवाळीच्या फराळाकडं बघावं तसं बघत होती. गंगूआत्ती पायरीवर बसलेली. तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. "मी नुसती ऐकाया आलेय," म्हणाली.

आत शालन आणि बायजाबाई. मी बायजाबाईंना म्हटलं, "मावशी, तुम्ही बाहेर."

"मी तोंड उगडनार न्हाई."

"तुम्हाला जमणार नाही."

"बाई, गेल्या येळचं माज्या काळजात हाय. मला हितंच बसू द्या. उगडलं तर हाकला."

ठेवलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि कोपऱ्यात बसल्या.

साडेदहाला डोकं दिसायला लागलं. मी शालनला डाव्या कुशीवर वळवलं, मी तिच्या पाठीशी. ऊन फडकं धरलं. जुन्या टाक्यांची पांढरी रेघ मला स्पष्ट दिसत होती. ती ताणत चालली होती. शालनच्या हातात फुकणी दिली. पहिली कळ तिनं छान फुंकली. दुसरीही. डोकं पुढं येई, मागं जाई, दर वेळी थोडं जास्त. मी हात धरून होते आणि मनातल्या मनात त्या रेघेला विनवत होते.

तिसरी कळ जबर आली. शालननं फुकणी टाकून दिली. "बाई, फुकवत न्हाई! न्हाई फुकवत! जोर येतोय!" तिचा दम कोंडताना मला दिसला. माझ्या हाताखाली ती रेघ पांढरीफटक पडली. दोन्ही हात गुंतलेले. तिच्या तोंडापाशी जायला मला जागा नव्हती. "फुंक, शालन, फुंक!" मी म्हणत होते, पण पाठीमागून येणारा आवाज तिला पोचत नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यातून बायजाबाई उठल्या. आता ही बाई ओरडणार.

त्या ओरडल्या नाहीत. शालनच्या तोंडासमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या, तिची हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि बारीक आवाजात, मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "ए पोरी, माज्याकडं बग. चिपाडं वली हायती. चूल इजाया लागलीया. मी फुकती, तू बी फुक." आणि त्यांनी गाल फुगवून सुनेच्या तोंडावर फुंकर मारली.

शालननं डोळे उघडले. सासूच्या फुंकरीनं तिच्या कपाळावरचे केस उडाले. तिनंही फुंकलं. सासूचा पदर उडाला. मग दोघी समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, फू फू, फू फू. मधेच शालनला हसू फुटलं. हसली तरी दम सुटतोच; मला तेही चालणार होतं. माझ्या हातात डोकं हळूहळू मोठं होत गेलं. कपाळ, मग भुवया, मग नाक, मग हनुवटी. कुठं हिसका नाही. पुढच्या कळेला एक खांदा, मग दुसरा. बाळ रडलं. बाहेर अंगणात एकदम गलका झाला.

मी बाळ पुसून फडक्यात गुंडाळलं आणि शालनच्या छातीशी दिलं. वार पडेपर्यंत थांबले. मग बॅटरी पेटवून खाली वाकले. मी दोनदा बघितलं. खात्री पटेना म्हणून तिसऱ्यांदा बघितलं.

शालननं मान वळवली. बाळाकडं नाही, माझ्याकडं.

"बाई, मी अक्की हाय का?"

"आहेस. अख्खी आहेस. कातडीला एक ओरखडा आहे, तो मांजरानं काढावा एवढा. टाका नको."

"शपत घ्या," बायजाबाई म्हणाल्या.

"तुमच्या नातवंडाची शपथ."

बायजाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि दोन तास कोंडलेला सगळा आवाज त्यांनी एकदम मोकळा केला.

"अक्की हायऽऽ!"

डॉक्टरांनी सुया गोळा करायला सुरुवात केली. त्यांना समजलं होतं. पायरीवर गंगूआत्ती मान हलवून हसत होती, तिलाही समजलं होतं. बाकीची माणसं एकमेकांकडं बघत राहिली.

"अक्की म्हंजी काय वं?" शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं. "पोरगा का पोरगी?"

"सून अक्की हाय माजी!"

"ते झालं. पर झालं काय?"

बायजाबाई तिथंच थबकल्या. मग मागं वळल्या आणि दारातून मला विचारलं, "व्हय वं बाई, झालंय काय?"